‘लोणकर’ या आडनावाचा उगम कुठे आणि कसा शोधावा?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपले आडनाव लोणकर. एका संकेतस्थळावर त्याचा अर्थ ‘लोणी विकणारे’ असा दिला आहे, तर दुसऱ्यावर ते ‘लवण’ म्हणजे मिठाशी जोडले आहे. घरात पणजोबांच्या काळचा फेरफाराचा उतारा आहे आणि त्यात आडनाव ‘पाटील’ असे आहे. त्याहून जुन्या एका मोडी कागदात आडनाव नाहीच, फक्त ‘केरबा बिन सटवाजी’ असे वाचून दाखवण्यात आले. आपल्या काकांच्या मते लोणकर हे मूळचे जाधव असून घराणे देवगिरीच्या यादवांपर्यंत जाते. यांपैकी खरे आडनाव कोणते, सगळे लोणकर एकाच कुळातले का, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर काय लावावे, असे आपण विचारले आहे. ‘केरबा’ या नावाची घरातल्या काहींना लाज वाटते, हेही आपण लिहिले आहे.

मोडी कागद वाचून त्यांवरून वंशावळी जुळवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. आडनावातल्या शब्दाचा अर्थ काय, हा एक. ते आडनाव कशावरून पडले, हा दुसरा. आणि ते लावणारे आपले घराणे कुठून आले, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर कोशात मिळते, दुसऱ्याचे बहुधा एखाद्या गावात, हुद्द्यात किंवा टोपणनावात, आणि तिसऱ्याचे केवळ कागदांत आणि घरातल्या आठवणींत. संकेतस्थळे पहिल्याचे उत्तर, तेही अर्धवट, देतात आणि वाचणाऱ्याला तिसऱ्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘लोणी’ हा शब्द संस्कृत ‘नवनीत’पासून आला आणि ‘लिंबलोण उतरणे’ यातले ‘लोण’ हे ‘लवण’पासून. म्हणजे दिसायला सारखे असले तरी हे दोन वेगळे शब्द आहेत. व्यवसायावरून पडलेली आपली जुनी नावे पाहिली तर सुवर्णकाराचा सोनार, कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार झालेला दिसतो. त्याच चालीने मीठ करणाऱ्यांचे नाव ‘लोणार’, ‘लोणारी’ असे होते, आणि लोणारी समाजाचे नाव तसेच आहे. ‘विणकर’सारखा एखादा अपवाद सोडला तर आडनावाच्या शेवटी येणारा ‘कर’ धंदा सांगत नाही, तो गाव सांगतो. त्यामुळे लोणकर म्हणजे लोणी विकणारे किंवा मीठ करणारे, हे दोन्ही अर्थ मी बाजूला ठेवीन आणि लोण, लोणे किंवा लोणी अशा नावाच्या गावाहून आलेले, हा अर्थ धरून पुढे जाईन.

‘आलेले’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ज्या गावात सगळेच चिपळूणचे आहेत तिथे कोणाला चिपळूणकर म्हणून ओळखण्यात काही अर्थ नसतो. माणूस गाव सोडून दुसरीकडे वस्तीला गेला की तिथले लोक त्याला मागच्या गावावरून हाक मारतात आणि ती हाक पुढच्या पिढीला आडनाव म्हणून चिकटते. म्हणून ‘कर’ लागलेले आडनाव घराण्याने केलेल्या एका स्थलांतराची खूण असते. मात्र ते स्थलांतर शेवटचे असेलच असे नाही. एखादे घर लोणीहून निघून दुसऱ्या गावी तीन पिढ्या राहिले, तिथे लोणकर झाले आणि मग आपल्या आजच्या गावी आले, असेही घडलेले असू शकते. आपल्या गावाजवळच एखादे लोणी आहे म्हणून तेच मूळ गाव, असे धरून चालणे म्हणूनच घाईचे ठरेल.

आता कोणते लोणी, हा प्रश्न उरतो आणि तो खरोखर अवघड आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात हवेली तालुक्यात लोणी काळभोर आणि लोणी कंद, बारामती तालुक्यात लोणी भापकर, इंदापूर तालुक्यात लोणी देवकर अशी गावे आहेत; अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द आहेत. बुद्रुक म्हणजे फारसीतले ‘बुजुर्ग’, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. जुन्या कागदात नुसते ‘मौजे लोणी’ लिहिले असेल तर त्यासोबत परगणा किंवा तर्फ (गावांचे जुने महसुली गट) कोणती लिहिली आहे हे पाहिल्याशिवाय गाव ठरवता येत नाही. या नावांत आणखी एक सुंदर गोष्ट दडलेली आहे: काळभोर, भापकर, देवकर ही आडनावे आहेत. म्हणजे गावावरून जशी आडनावे पडतात तशी, एकाच नावाची गावे वेगळी ओळखता यावीत म्हणून, तिथल्या प्रमुख घराण्यांवरून गावांना नावे पडली. आपले पूर्वज यांपैकी एखाद्या लोणीहून निघाले असतील तर ते काळभोर, भापकर किंवा देवकरांपैकी होते की त्यांच्या शेजारी राहणाऱ्या दुसऱ्याच घरातले, हे केवळ ‘लोणकर’ या शब्दावरून सांगता येणार नाही. ‘लोणीकर’ असेही आडनाव आहे आणि ते लोणीवरूनच आले हे उघड आहे. मग लोणकर मात्र लोण किंवा लोणे या गावांवरून आले असेल का? तसे असू शकते, पण ‘कर’ लागताना गावाच्या नावातला शेवटचा स्वर कधी टिकतो आणि कधी गळतो, त्यामुळे या एका मुद्द्यावर मी निर्णय करणार नाही.

गावाचे नाव आडनावात शिरताना किती बदलते याचे एक चांगले उदाहरण लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचे आहे. आडनाव ऐकून कोणालाही मावळ किंवा मालवण आठवेल. घराणे मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर भागातील मावळंगे या गावचे, आणि त्यांचे आयुष्य गुजरातेत गेले. आडनाव उच्चारून जे गाव आधी सुचते ते बाजूला ठेवून नकाशात आसपासची सगळी नावे पाहण्याची सवय मला अशाच उदाहरणांनी लावली.

सगळे लोणकर एकाच कुळातले का, याचे उत्तर आता सोपे झाले असेल. एका गावातून निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या कुळांची माणसे बाहेर पडतात आणि नव्या ठिकाणी त्या सगळ्यांना एकच नाव मिळू शकते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर आणि किहीमचे केहिमकर आहेत. त्याच गावांवरून पडलेली नावे इतर समाजांतही सापडतात. आडनाव एक म्हणून नाते एक, हा निष्कर्ष ‘कर’ लागलेल्या आडनावांच्या बाबतीत सर्वांत कमी विश्वसनीय आहे. तसेच आडनावावरून जात ओळखण्याचा जो उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो तोही शास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे आणि माणुसकीच्या दृष्टीने वाईट आहे. जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे कितीतरी समाजांत आहेत. दोन लोणकर घरांचे नाते आहे का, हे पाहायचे असेल तर कुलदैवत, देवक (लग्नात पूजले जाणारे कुळाचे चिन्ह) किंवा गोत्र, मूळ गाव आणि पूर्वी एकमेकांचे सुतक पाळले जात होते का, या गोष्टी विचारा. यांतली एक जुळली तर योगायोग असू शकतो. सगळ्या जुळल्या तर मात्र कागद शोधण्यासारखे काही हाती आले असे समजावे.

यानंतर ‘खरे आडनाव कोणते’ हा आपला मुख्य प्रश्न. त्यात एक गृहीतक आहे की घराण्याचे एकच खरे आडनाव असते आणि बाकीची नंतर चिकटलेली. प्रत्यक्षात एकाच घराण्याला एकाच वेळी कुळाचे, गावाचे आणि हुद्द्याचे अशी नावे असत आणि प्रसंगानुसार त्यांतले एक लिहिले जाई. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ आणि आंगरवाडीवरून आंग्रे. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ आणि मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतन असलेले भट घराणे पेशवाईमुळे पेशवे झाले, आणि ज्यांना आपण नाना फडणवीस म्हणतो ते बाळाजी जनार्दन भानू. यांतल्या कोणत्याही घराण्याला त्याचे दुसरे नाव खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक नाव घराण्याच्या इतिहासातल्या एका टप्प्यावर पडले आणि त्या टप्प्याची माहिती देते.

हुद्द्यांवरून आलेल्या नावांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या कागदातला ‘पाटील’ त्याच वर्गातला आहे. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा; त्यावरून चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्दा म्हणजे हिशेबाचे कागद लिहिणारा फडणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, घडामोडींची नोंद ठेवणारा वाकनीस. ‘दार’ म्हणजे बाळगणारा. त्यावरून इनामदार, किल्लेदार, पोतदार, मुजुमदार. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावे देण्यात आली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. तरीही मुजुमदार आणि डबीर ही आडनावे आजही महाराष्ट्रात आहेत. दरबारी भाषा बदलली तरी लोकांच्या तोंडातले घराण्याचे नाव इतक्या सहज बदलत नाही, हे यावरून कळते. गावपातळीवर पाटील हा प्रमुख, कुलकर्णी हा लेखनिक, चौगुला हा पाटलाचा मदतनीस. परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे. ही वतने वंशपरंपरेने चालत आणि भाऊबंदांत त्यांच्या तक्षिमा म्हणजे वाटे पडत, त्यामुळे प्रत्यक्ष पाटीलकी एकाच्या हाती असली तरी सगळी भावकी स्वतःला पाटील म्हणवून घेई. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द झाले आणि आजचा पोलीस पाटील 1967 च्या वेगळ्या कायद्याने नेमला जातो, पण आडनाव म्हणून पाटील टिकून राहिले.

आपल्या बाबतीत ‘लोणकर’ आणि ‘पाटील’ ही जोडी मला विशेष लक्षवेधी वाटते. एक नाव सांगते की हे घर बाहेरून आले. दुसरे सांगते की हे घर गावच्या जुन्या वतनदारांपैकी आहे. दोन्ही खरे असायचे तर तीन शक्यता उरतात. पहिली अशी की आपल्या पूर्वजांनी आजच्या गावची पाटीलकी, किंवा तिचा काही वाटा, विकत घेतला किंवा तो त्यांना बक्षीस मिळाला. वतने विकली जात, गहाण पडत आणि त्यांचे वादही होत, आणि अशा व्यवहाराचे खरेदीखत किंवा गोतसभेसमोर (गावकरी आणि वतनदार यांच्या सभेसमोर) झालेल्या निवाड्याचा महजर म्हणजे लेखी निवाडपत्र असते. दुसरी अशी की पाटीलकी मूळ लोणी गावची होती आणि तो मान नव्या गावीही सोबत आला. तिसरी, आणि अनुभवाने सांगतो की हीही वारंवार दिसते, म्हणजे फेरफार लिहिणाऱ्या तलाठ्याने गावातल्या मातब्बर माणसाला मानाने पाटील लिहिले आणि पुढच्या नोंदींत तेच चालू राहिले. कोणती शक्यता खरी, हे पणजोबांच्या भावांच्या आणि चुलत्यांच्या नोंदी पाहिल्या की बरेचसे उलगडेल. सगळ्या भावकीला पाटील लागले असेल तर वतनाकडे पाहावे. एकट्या पणजोबांनाच लागले असेल तर तो बहुधा मान आहे.

जुन्या मोडी कागदात आडनाव का नाही, याचे उत्तर सरळ आहे. त्या काळी माणसाची कागदोपत्री ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि गाव यांनी पुरी होत असे. ‘बिन’ हा अरबीतून आलेला शब्द ‘चा मुलगा’ या अर्थाने येतो, ‘वल्लद’ही त्याच अर्थाचा. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लिहून नवऱ्याचे नाव येते. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ ही नावे आपण आडनावाशिवायच घेतो, ती याच पद्धतीने. पुढे इंग्रजी अमलात शाळा, पलटणी, रेल्वे आणि कचेऱ्यांच्या नोंदवह्यांनी प्रत्येकाकडे ठरावीक आडनाव मागितले, आणि मग कोणी कुळाचे, कोणी गावाचे, कोणी हुद्द्याचे सांगितले. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी लागण्याची उदाहरणे याच काळातली आहेत. त्यामुळे ‘केरबा बिन सटवाजी’ या नोंदीत काही उणे आहे असे समजू नका. उलट तिने आपल्याला बापलेकांची दोन नावे एकदम दिली आहेत. एक सूचना मात्र करतो: तो कागद दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा वाचून घ्या. मोडीत शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नावाच्या आधी किंवा नंतर असलेला हुद्दा अथवा गाव वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटू शकतो.

आता केरबाविषयी. या नावाची लाज बाळगण्याचे काही कारण नाही, आणि हे मी आपल्याला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पुढच्या मुलाला केर, दगड, धोंडा, भीक यांवरून नाव ठेवत, म्हणजे कोणाची दृष्ट लागणार नाही आणि मृत्यू त्याच्याकडे टाकाऊ वस्तू समजून दुर्लक्ष करील, अशी श्रद्धा होती. केरबा, दगडू, धोंडू, भिकाजी ही नावे त्यातून आली. भिकाजीच्या मागे देवाकडे भीक मागून मिळालेला मुलगा, हाही भाव असतो. आणि ही नावे कोणत्याही एका थरातली नव्हती: एकोणिसाव्या शतकातले गणिती केरो लक्ष्मण छत्रे, 1958 मध्ये भारतरत्न मिळालेले धोंडो केशव कर्वे, 1857 च्या लढ्यातले नानासाहेब म्हणजे धोंडोपंत पेशवे, ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. इथेही परिस्थिती पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नये, कारण अधिक मासाला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू हे नाव मिळू शकते. सटवाजी हे नाव सटवाईवरून आले. जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवशी बाळाच्या कपाळी भविष्य लिहिणारी ती देवी, आणि तिच्या नावातली ‘सट’ ही ‘षष्ठी’ची. बापाचे नाव सटवाजी आणि मुलाचे केरबा, हे एकत्र वाचले की त्या घरात सलग दोन पिढ्या मुलांच्या जगण्याची काळजी वाहिली गेली असावी, असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे, कारण आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे सटवाजी हे नाव कितीतरी आधीपासून घराण्यात चालत आलेले असू शकते. तरीही लाज वाटून घेण्यापेक्षा मूल वाचावे म्हणून आईबापांनी केलेला तो प्रयत्न मनात आणून त्या नावाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे.

नवजात मुलांसाठी सध्या संकेतस्थळांवर जे अर्थ दिले जातात त्यांच्याबद्दलही हीच सावधगिरी बाळगावी. ‘आरव’चा अर्थ ‘शांत स्वर’ असा सर्रास छापतात; संस्कृतात आरव म्हणजे आवाज, बहुधा मोठा आवाज, आरडाओरडा. ‘रेयांश’ म्हणजे ‘सूर्याचा अंश’ असे सांगतात, पण संस्कृतात सूर्य या अर्थाचा ‘रेय’ असा शब्द नाही. नाव आवडले म्हणून ठेवायला कोणाची हरकत नाही. अर्थ सांगायचा असेल तर मात्र कोश उघडून पाहावा.

काकांच्या मताकडे वळतो. जाधव आणि यादव, कदम आणि कदंब, शेलार आणि शिलाहार, चव्हाण आणि चाहमान, पवार आणि परमार यांचे ध्वनींचे नाते भाषाशास्त्राला धरून आहे, त्यामुळे शब्द म्हणून जाधव हा यादवापासून आला हे मान्य करायला अडचण नाही. अडचण तिथून पुढे सुरू होते. देवगिरीचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी संपले, आणि आपल्याकडचा जुना कागद बिनतारखेचा असला तरी त्या काळापासून त्या कागदापर्यंतची प्रत्येक पिढी दाखवणे जवळजवळ कोणत्याही घराला शक्य नसते. बंजारा समाजातही राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळे आहेत आणि त्यांचा इतिहास वेगळा आहे. विदर्भातल्या गोंड समाजातील मरकाम, टेकाम यांसारखी नावे तर गोंडी भाषेतली आहेत, मरकामचा संबंध आंब्याशी आणि टेकामचा सागाशी आहे, आणि त्यांचा अर्थ संस्कृतात शोधणे व्यर्थ आहे. घोरपड्यांचा पूर्वज घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढला, गायकवाडांच्या पूर्वजाने कवाड उघडून गाई वाचवल्या, अशा कथा घराण्यांत आदराने सांगितल्या जातात आणि त्या जपल्याही पाहिजेत. वंशावळीत मात्र त्यांच्यापुढे ‘दंतकथा’ असे स्पष्ट लिहावे. काकांचे म्हणणेही तसेच नोंदवा: कोणी सांगितले, त्यांनी कोणाकडून ऐकले, त्या वेळी देवक किंवा कुलदैवताचा काही उल्लेख झाला होता का. मूळचे जाधव असल्याची आठवण खरी असेल आणि यादवांचा दुवा नंतर जोडला गेला असेल, असे होऊ शकते, आणि ते दोन दावे वेगळे ठेवले तर पहिला तपासता येतो.

इथपर्यंतचा हिशेब असा: लोणकर हे बहुधा गावावरून, पाटील हुद्द्यावरून किंवा मानावरून, जाधव हे कदाचित कुळाचे, आणि केरबा बिन सटवाजी ही आडनावापूर्वीच्या काळातली पक्की नोंद. ही चारही एकाच घराण्याची असू शकतात. ती तशी आहेत का, हे शोधण्याचा क्रम आता सांगतो.

आजपासून मागे चालावे; मधली पिढी सोडून उडी मारू नये. वडील आणि आजोबा यांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद घ्या, कारण आडनाव बदलल्याचा पहिला पुरावा बहुधा तिथेच असतो. त्यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून आपल्या जमिनीचे जुने सातबारे आणि फेरफार क्रमाने काढा. वारसाच्या फेरफारात मयताची सगळी मुले, कधी मुलीही, नावानिशी येतात, म्हणून वंशावळीसाठी त्याच्याइतका उपयोगी कागद नाही. गाव नमुना 14 म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. त्याहून मागे जायचे तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आहे. तिथे केवळ आडनाव सांगून काही हाती लागत नाही. गाव आणि परगणा सांगावा लागतो. आपल्या गावचा ‘थळझाडा’ मिळाला तर उत्तम. त्यात मिरासी म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या जमिनींची थळे, म्हणजे तुकडे, मूळ घराण्यांच्या नावांनी नोंदलेली असतात आणि जी घराणी नष्ट झाली किंवा निघून गेली त्यांच्यापुढे ‘गतकूळ’ असे लिहिलेले असते. आपल्या घराची जमीन एखाद्या गतकुळाच्या थळात असेल तर आपले पूर्वज तिथे नंतर आले, याचा तो चांगला पुरावा ठरेल. जुन्या कागदांत शुहूर, फसली अशा वेगळ्या कालगणना येतात; इसवी सन काढण्यासाठी शुहूर सन असेल तर त्यात 599 किंवा 600 मिळवावे, दख्खनी फसली सन असेल तर 590 किंवा 591, शालिवाहन शक असेल तर 78 किंवा 79. महिना कोणता यावर त्यातला आकडा ठरतो.

याच्या जोडीला त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेला आलेल्या माणसाचे गाव, बाप, आजा आणि भाऊ यांची नावे त्यांत लिहून ठेवलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर जाऊन वंशावळी वाचून दाखवतात. अलीकडच्या चार-पाच पिढ्यांसाठी या नोंदी बऱ्याच विश्वसनीय असतात. त्यापलीकडे यजमानाला आवडेल अशा थोर वंशाशी दुवा जोडण्याकडे त्यांचा कल असतो, तेव्हा तो भाग वेगळा लिहून ठेवावा. आणि घरातल्या वृद्ध स्त्रियांना अवश्य विचारा. कुलदैवताला कोणत्या गावी जात असू, लग्नात देवक कशाचे बसवतात, कोणत्या घरांशी सोयरीक करत नाहीत, हे त्यांना पुरुषांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. कुलधर्मासाठी आपले घर आजही एखाद्या लांबच्या गावी जात असेल आणि त्या गावाच्या आसपास एखादे लोण, लोणे किंवा लोणी असेल, तर तपास तिथूनच सुरू करावा असे मी म्हणेन.

राहिला मुलीच्या जन्मदाखल्याचा प्रश्न. तिथे इतिहास बाजूला ठेवून व्यवहार पाहावा, आणि आईवडिलांच्या सध्याच्या सर्व कागदांवर जे आडनाव आहे तेच, म्हणजे लोणकर, लावावे. पाटील किंवा जाधव लावण्याची घरातल्या सर्वांची इच्छा असेल तर आधी आपल्या स्वतःच्या नावात राजपत्राद्वारे बदल करून घ्यावा आणि मग मुलीचे लावावे. बापाचे एक आणि मुलीचे दुसरे असे झाले की शाळाप्रवेशापासून वारसाच्या नोंदीपर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासे द्यावे लागतात. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाच्या निर्णयानुसार आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे, तेव्हा अर्ज भरताना आईच्या नावाचे स्पेलिंग तिच्या कागदांशी जुळते का हे नीट पाहा. जुन्या फेरफारांत आणि मोडी कागदांत आयांची नावे शोधताना माझे किती दिवस गेले आहेत ते आठवले की हा बदल मला फार मोलाचा वाटतो. आपल्या गावाचे नाव, तालुका आणि घराचे कुलदैवत एवढे कळवलेत, आणि शक्य असल्यास मोडी कागदाचे चारही कोपरे दिसतील असे स्पष्ट छायाचित्र पाठवलेत, तर वाचन पुन्हा तपासून परगण्याचा अंदाज देता येईल.